कंपनी : एका इंग्रजी शब्दाचा अर्थेतिहास

कंपनी : सोबत, संगत, पाहुण्यांचा मेळा, पायदळाची तुकडी, जहाजावरील खलाशांचा ताफा, नटसंच, कारागिरांचा संघ आणि कायद्याने मान्य केलेली व्यापारी संस्था अशा अनेक अर्थांनी रूढ असलेला इंग्रजी शब्द. मराठीत तो इंग्रजी सत्तेबरोबर स्थिरावला व कारखाना, नोकरीचे ठिकाण, राज्यकर्ते सरकार असे काही अर्थ त्याला भारतात नव्याने प्राप्त झाले. वरवर पाहता हे अर्थ परस्परांशी असंबद्ध वाटतात. तथापि एकत्र आलेली माणसे एकमेकांना कितपत बांधलेली आहेत आणि एकाच्या कृत्याची वा ऋणाची जबाबदारी दुसऱ्यावर कितपत येते, या प्रश्नाच्या अनुरोधाने ते मांडले असता त्यांतील संगती स्पष्ट होते. एका भाकरीचे वाटेकरी या अर्थापासून, सभासदांहून सर्वस्वी भिन्न अशा विधिमान्य व्यक्तीपर्यंत या शब्दाचा प्रवास झाला आहे. या प्रवासात सहवासाचा अर्थ मागे पडला, मात्र जबाबदारीचा प्रश्न नाहीसा झाला नाही.

व्युत्पत्ती व मूळ अर्थ : ‘कॉम’ (सह) व ‘पानिस’ (पाव, भाकरी) या दोन लॅटिन शब्दांपासून उत्तरकालीन लॅटिन भाषेत ‘कंपानिओ’ हा शब्द तयार झाला. ज्याच्याबरोबर भाकरी खावयाची तो, असा त्याचा अर्थ. फ्रँक लोकांच्या सॅलिक कायद्यात, म्हणजे सहाव्या शतकाच्या सुमारास, तो आढळतो. हा शब्द एखाद्या जर्मानिक शब्दाचे लॅटिन रूपांतर असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कारण गॉथिक भाषेत ‘सह’ व ‘भाकरी’ याच दोन घटकांनी बनलेला ‘गहलैबा’ हा सोबतीवाचक शब्द होता. पश्चिम यूरोपातील समाजरचनेत भाकरीला असलेले महत्त्व इतर शब्दांतूनही दिसते. इंग्रजीतील ‘लॉर्ड’ हा शब्द भाकरीचा राखणदार व ‘लेडी’ हा शब्द भाकरीची कणीक मळणारी अशा अर्थांच्या जुन्या इंग्रजी समासांपासून आला आहे.

लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेत आणि तेराव्या शतकात इंग्रजीत आला. इंग्रजीत त्याचे आरंभीचे अर्थ सोबत, सोबत्यांचा समूह व सशस्त्र माणसांचा जथा असे होते. यांपैकी पहिला अर्थ आजही जिवंत आहे. एखाद्याला ‘कंपनी देणे’ हा मराठी बोलण्यातील प्रयोग याच अर्थाचा होय. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात व कोकणपट्टीत आलेला ‘पाव’ हा शब्दही लॅटिन ‘पानिस’ या शब्दापासूनच पोर्तुगीजमार्गे आलेला आहे. त्यामुळे ‘पाव’ आणि ‘कंपनी’ हे मराठीतील दोन परके शब्द मुळात एकाच कुळातील ठरतात.

लष्करी व व्यावसायिक संघ : चौदाव्या शतकात यूरोपात भाडोत्री सैनिकांच्या स्वतंत्र टोळ्यांना कंपनी म्हणत. इंग्लंड व फ्रान्स यांच्यातील शतवार्षिक युद्धात १३६० मध्ये ब्रेतीन्यीचा तह झाल्यावर बेकार झालेल्या सैनिकांनी अशा टोळ्या उभारून फ्रान्समध्ये लुटालूट केली. त्यांपैकी काही पुढे इटलीतील नगरराज्यांच्या चाकरीस राहिल्या. इंग्रज सेनानी जॉन हॉकवुड याने नेतृत्व केलेली ‘व्हाइट कंपनी’ ही त्यांतील विशेष प्रसिद्ध होय. हा सेनानी १३९४ मध्ये फ्लॉरेन्स येथे मरण पावला. या टोळ्यांत लुटीची वाटणी ठरावीक नियमांनी होत असे. पुढे राजांनी कायमची सैन्ये उभारल्यावर बटालियनचा एक घटक, एवढाच ‘कंपनी’ या शब्दाचा लष्करी अर्थ उरला. पायदळाच्या अशा कंपनीत सामान्यतः १०० ते २०० सैनिक असतात.

शहरांतील व्यावसायिकांचे संघ हा दुसरा प्रकार. लंडनमधील सोनार, कापडविके, कातडीविके, शिंपी इत्यादींच्या संघांना ‘लिव्हरी कंपनी’ म्हणतात. १५१५ मध्ये लंडनच्या नगरपालिकेने अशा ४८ संघांचा मानाचा अनुक्रम ठरवून दिला; त्यात मर्सर म्हणजे मौल्यवान वस्त्रांच्या व्यापाऱ्यांचा संघ पहिला होता. उमेदवारांचे शिक्षण, मालाची प्रत व आजारी सभासदांचे आणि विधवांचे साहाय्य या गोष्टींकडे हे संघ लक्ष देत. सोनारांच्या संघाच्या सभागृहात पारखलेल्या धातूवर जो ठसा उमटवीत, त्यावरून ‘हॉलमार्क’ हा शब्द रूढ झाला. १५५७ च्या सनदेने मुद्रक व ग्रंथविक्रेते यांच्या संघाला छपाईवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार मिळाला. या कंपन्यांचे सभासद एका नियमाने बांधलेले असत; पण प्रत्येकाचा धंदा, भांडवल व कर्ज ही त्याची स्वतःची असत.

नटांची कंपनी याहून अधिक एकजीव असे. १५९४ मध्ये स्थापन झालेल्या आणि १६०३ पासून राजाश्रय मिळालेल्या लंडनमधील नटसंचात विल्यम शेक्सपिअर हा नट व नाटककार असण्याबरोबरच भागधारकही होता. प्रमुख नट नफ्यातोट्याचे वाटेकरी असत व पोशाख, संहिता इ. संचाच्या मालकीच्या असत.

भागीदारी व अमर्याद जबाबदारी : व्यापाराच्या क्षेत्रात हा शब्द प्रथम इटलीमध्ये रुजला. फ्लॉरेन्समधील बार्दी व पेरूत्सी या घराण्यांच्या व्यापारी पेढ्यांना ‘कंपान्या’ म्हणत. घराण्यातील माणसे व काही बाहेरचे भागीदार मिळून भांडवल उभे करीत आणि पेढीच्या सर्व कर्जाला प्रत्येक भागीदार आपल्या संपूर्ण मालमत्तेनिशी जबाबदार असे. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला दिलेली मोठी कर्जे व अन्य कारणांमुळे १३४० नंतरच्या दशकात या दोन्ही पेढ्या बुडाल्या. त्यांच्याबरोबर भागीदारांची घरेदारेही गेली. एका भाकरीच्या वाटेकऱ्यांनी एकमेकांचे ऋण वाहावे, हे तत्त्व या व्यवस्थेत पूर्णतः अभिप्रेत होते. याच तत्त्वामुळे दूरच्या व धोक्याच्या व्यापारासाठी अपरिचित लोकांकडून भांडवल गोळा करणे अवघड होई.

संयुक्त भांडवल : सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये परदेशी व्यापारासाठी राजाच्या सनदेने कंपन्या स्थापन होऊ लागल्या. काही कंपन्यांत सभासद सामाईक नियमांखाली परंतु स्वतःच्या भांडवलावर व्यापार करीत. १५५५ मध्ये सनद मिळालेल्या मस्कोव्ही कंपनीने मात्र सभासदांच्या एकत्र भांडवलावर रशियाशी व्यापार केला. ३१ डिसेंबर १६०० रोजी पहिल्या एलिझाबेथ राणीने पूर्वेकडील व्यापारासाठी लंडनच्या व्यापाऱ्यांना पंधरा वर्षांच्या मक्तेदारीची सनद दिली. सनदेतील नावानुसार ही संस्था ‘गव्हर्नर व व्यापाऱ्यांची कंपनी’ होती. म्हणजे कंपनी हा शब्द येथे अजून व्यापाऱ्यांचा समूह याच अर्थी आहे. आरंभी प्रत्येक सफरीसाठी वेगळे भांडवल जमविले जाई व जहाजे परतल्यावर ते नफ्यासह वाटून टाकीत. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच कंपनीचे सुमारे ६४ लाख गिल्डर भांडवल मात्र दीर्घ मुदतीचे होते. ते काढून घेता येत नसे, पण आपला भाग दुसऱ्याला विकता येई. इंग्रज कंपनीनेही १६५७ मध्ये कायम भांडवलाची पद्धत स्वीकारली.

या बदलाचे परिणाम दूरगामी ठरले. भाग विकून सभासद बाहेर पडला, तरी कंपनी चालू राहू लागली. इंग्रज विधिज्ञ एडवर्ड कोक याने १६१२ च्या एका प्रसिद्ध खटल्यात निगम ही अदृश्य व अमर संस्था असून तिला आत्मा नसतो, असे प्रतिपादन केले होते. त्याचा प्रत्यय व्यापारात येऊ लागला. ॲडम स्मिथ याने १७७६ मध्ये अशा कंपन्यांवर नेमका याच अंगाने आक्षेप घेतला. संचालक दुसऱ्यांच्या पैशाचा कारभार पाहत असल्याने भागीदार स्वतःच्या पैशाची जितकी काळजी घेतो, तितकी त्यांच्याकडून अपेक्षिता येत नाही, असे त्याचे मत होते.

भागांच्या खरेदीविक्रीतील धोका तत्पूर्वीच अनुभवास आला होता. १७११ मध्ये स्थापन झालेल्या साउथ सी कंपनीच्या शंभर पौंडांच्या भागाची किंमत १७२० च्या आरंभी सुमारे १२८ पौंड होती. ती उन्हाळ्यात सुमारे १,००० पौंडांपर्यंत चढली व वर्षअखेरीस पुन्हा मूळ पातळीच्या आसपास उतरली. हजारो लोक बुडाले. त्याच वर्षी संमत झालेल्या ‘बबल ॲक्ट’ या कायद्याने सनदेशिवाय संयुक्त भांडवलाची कंपनी काढण्यास बंदी केली. ही बंदी १८२५ पर्यंत टिकली.

कंपनी सरकार : भारतात सामूहिक व्यापारी संस्थांची कल्पना नवीन नव्हती. नासिक येथील लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात, भिक्षूंच्या वस्त्रप्रावरणाच्या खर्चासाठी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २,००० व १,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. तिच्यावरील व्याजाचा दर अनुक्रमे दरमहा शेकडा एक व पाऊण असा होता. व्यक्ती गेल्या तरी श्रेणी टिकेल, हा विश्वास या व्यवस्थेच्या मुळाशी होता. परंतु परराज्याची सनद, स्वतःचे आरमार व सैन्य असलेली व्यापारी संस्था ही येथे वेगळीच गोष्ट होती.

सुरत येथे इंग्रज कंपनीची वखार १६१३ मध्ये कायम झाली. पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहाच्या करारान्वये दुसऱ्या चार्ल्सला मिळालेले मुंबई बेट त्याने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड खंडाने कंपनीस दिले. या टोपीकरांचे वेगळेपण मराठी राज्यकर्त्यांच्या ध्यानी आले होते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या व रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात, हे लोक सावकारी करीत असले तरी इतर सावकारांसारखे नव्हेत व त्यांच्या पाठीशी त्यांची राज्ये आहेत, असा इशारा दिला आहे. व्यापार व राज्य यांच्या या मिश्रणाचे ते एक मार्मिक निदान होय.

१७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यावर कंपनी करवसुली करणारी सत्ता बनली. पाठोपाठ १७६९-७० मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात लोकसंख्येचा सुमारे एक-तृतीयांश भाग मृत्युमुखी पडल्याचा अंदाज वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये नोंदविला. महसुलाची वसुली मात्र कठोरपणे चालूच राहिली होती. प्रजेला जबाबदार नसलेले आणि भागधारकांना लाभांश देण्यास बांधलेले शासन म्हणजे काय, हे यावरून दिसून आले. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टपासून ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीवर क्रमाक्रमाने नियंत्रण आणले. १८१३ मध्ये तिची भारतीय व्यापारातील मक्तेदारी संपली आणि १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापारच थांबविण्यात आला. तिच्या भागधारकांना द्यावयाचा साडेदहा टक्के लाभांश मात्र भारताच्या महसुलातून देण्याचे ठरले. अशा रीतीने व्यापार न करणारी एक व्यापारी कंपनी पुढील पाव शतक भारतावर राज्य करीत राहिली.

वसईचा तह (१८०२) दुसऱ्या बाजीरावाने कोणा राजाशी नव्हे, तर या कंपनीशी केला होता. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर महाराष्ट्राचा मोठा भाग तिच्या अमलाखाली आला. ‘कंपनी सरकार’, ‘कंपनी बहादूर’, ‘कुंपणी सरकार’ हे शब्दप्रयोग याच काळात रूढ झाले. यांत माणसांचा समूह हा अर्थ पूर्णपणे लोपला असून कंपनी ही एखादी राज्यकर्ती व्यक्तीच असल्याची भावना दिसते. उत्तर भारतातील काही शहरांतील बागांना असलेले ‘कंपनी बाग’ हे नाव आणि यूरोपीय आश्रयदात्यांसाठी भारतीय चित्रकारांनी काढलेल्या चित्रांची ‘कंपनी शैली’ ही संज्ञा, या त्याच कालखंडाच्या खुणा होत. १८५८ मध्ये भारताचा कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला आणि १ जून १८७४ रोजी कंपनी विसर्जित झाली.

मर्यादित जबाबदारी : रेल्वे, गिरण्या व खाणी यांसाठी लागणारे प्रचंड भांडवल सनदांच्या पद्धतीने उभे राहणे शक्य नव्हते. १८४४ च्या ब्रिटिश कायद्याने साध्या नोंदणीने कंपनी स्थापण्याची सोय झाली. १८५५ च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागाच्या रकमेपुरती मर्यादित करण्यास परवानगी मिळाली. १८५६ च्या कायद्यानंतर सात व्यक्तींच्या सह्यांनी अशी कंपनी निघू शकली. तिच्या नावाच्या शेवटी ‘लिमिटेड’ हा शब्द लावणे बंधनकारक होते. आज प्रतिष्ठेचा वाटणारा हा शब्द मुळात व्यवहार करणाऱ्यांना दिलेला इशारा होता : या संस्थेचे कर्ज बुडाल्यास सभासदांच्या घरादारापर्यंत जाता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता.

या तत्त्वाची कसोटी सॉलोमन खटल्यात लागली. एका चर्मव्यावसायिकाने आपला पादत्राणांचा धंदा स्वतःच स्थापन केलेल्या कंपनीला विकला. सात सभासदांची अट पुरी करण्यासाठी पत्नी व पाच मुले यांना त्याने प्रत्येकी एक भाग दिला. उरलेले २०,००१ भाग त्याचे स्वतःचे होते. कंपनी बुडाल्यावर धनकोंनी त्याला जबाबदार धरावे, अशी मागणी झाली. हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १८९६ मध्ये ती अमान्य केली. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही तिच्या सभासदांहून वेगळी व्यक्ती आहे, असा हा निर्णय होता. आधुनिक कंपनी कायद्याचा तो आधारस्तंभ मानला जातो.

भारतात नोंदणीचा पहिला कायदा १८५० मध्ये झाला. १८५७ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीचे तत्त्व आले व १८६० मध्ये ते बँकांनाही लागू झाले. त्यानंतर १९१३, १९५६ व २०१३ चे कायदे विशेष महत्त्वाचे ठरले. मुंबईतील कापडगिरण्यांचा आरंभ कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या बाँबे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीने झाला. बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग (१८५३) बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली होती. उत्पन्न कमी पडल्यास ती भारताच्या महसुलातून भागविली जाई. म्हणजे नफा लंडनमधील भागधारकांचा व जोखीम भारतीय करदात्यांची, अशी ही विभागणी होती.

मराठीतील रूढी : मराठीने या शब्दाला ‘मंडळी’ हा प्रतिशब्द दिला. त्यात सोबती, जमलेले लोक व संस्था हे तिन्ही अर्थ सामावतात. दुकानांच्या व प्रकाशनसंस्थांच्या नावांतील ‘आणि मंडळी’ हा प्रयोग त्याचाच. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी स्थापन केलेल्या नाट्यसंस्थेचे व १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व संस्थेचे अधिकृत नाव ‘नाटक मंडळी’ असे होते. लोकांच्या तोंडी मात्र ‘नाटक कंपनी’ हाच शब्द होता. गावोगाव फिरणाऱ्या या संस्थांचे बिऱ्हाड, मुदपाकखाना व पंगत एकत्र असे. त्यामुळे ‘कंपनी’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे नकळत पुन्हा प्रत्यक्षात उतरला. १९२९ मध्ये कोल्हापूर येथे पाच भागीदारांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली व १९३३ मध्ये ती पुण्यास आली.

औद्योगिक वसाहती वाढल्यावर ‘कंपनीत कामाला असणे’ म्हणजे कारखान्यात नोकरी करणे, असा अर्थ रूढ झाला. इंग्रजीत कंपनी म्हणजे कारखान्याची मालक संस्था. बोलीत ती प्रत्यक्ष इमारत, यंत्रे व भोंगा यांसह असलेली जागा ठरली. ‘कंपनी सुटली’, ‘कंपनी बंद पडली’ हे वाक्प्रयोग त्याचे द्योतक आहेत. त्यांत मालकीचा नव्हे, तर उपजीविकेचा संदर्भ प्रधान आहे. गुन्हेगारांच्या संघटित टोळीलाही मुंबईत ‘कंपनी’ म्हणू लागले. यूरोपातील मध्ययुगीन लुटारू टोळ्यांना लावला जाणारा शब्द अशा प्रकारे वेगळ्या संदर्भात पुन्हा त्याच अर्थाजवळ आला.

जबाबदारीचा प्रश्न : कंपनी एकदा स्वतंत्र व्यक्ती मानल्यावर एक कंपनी दुसऱ्या कंपनीची भागधारक होऊ शकते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकाच्या कारखान्यातून झालेल्या विषारी वायुगळतीने हजारो लोकांचा बळी घेतला, तेव्हा या व्यवस्थेतील पेच तीव्रतेने पुढे आला. कारखाना युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीचा होता आणि तिचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील मूळ कंपनीकडे होते. आपली भारतीय उपकंपनी ही वेगळी व्यक्ती असल्याचा पवित्रा मूळ कंपनीने घेतला. अखेरीस १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. भरपाई वाढवून मागणारी केंद्र शासनाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली. दिल्लीतील दुसऱ्या एका वायुगळतीच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये, धोकादायक उद्योग चालविणाऱ्या संस्थेची अपघाताबाबतची जबाबदारी निरपवाद असते, असे तत्त्व घालून दिले होते.

२०१३ च्या भारतीय कंपनी कायद्याने या शब्दाच्या इतिहासातील दोन टोके एकत्र आणली. एका बाजूस त्याने एकच सभासद असलेल्या ‘एक व्यक्ती कंपनी’ला मान्यता दिली. सोबतीवाचक शब्द त्यामुळे एकट्या माणसालाही लागू झाला. दुसऱ्या बाजूस, ठरावीक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा किमान दोन टक्के भाग सामाजिक कार्यासाठी खर्च करावा, असे बंधन घातले. कंपनीचा संबंध केवळ भागधारकांशी नसून ज्या समाजात ती चालते त्याच्याशीही असतो, ही जाणीव त्यामागे आहे. भाकरीच्या वाटेकऱ्यांत नेमके कोण मोडते, हा ‘कंपनी’ या शब्दाबरोबर जन्मलेला प्रश्न मर्यादित जबाबदारीच्या युगातही कायम आहे.